सचिव, मंत्री आणि हास्य : ‘येस मिनिस्टर’च्या दीर्घायुष्याची मीमांसा

राजकीय विनोद सामान्यतः अल्पायुषी असतो. ज्या व्यक्तींवर आणि घटनांवर तो बेतलेला असतो, त्या विस्मृतीत गेल्या की त्याला तळटीपांचा आधार लागतो. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश विनोदी मालिका या नियमाला ठळक अपवाद आहे. बीबीसी टू वाहिनीवर फेब्रुवारी १९८० मध्ये ती सुरू झाली. १९८६ ते १९८८ या काळात ‘येस, प्राइम मिनिस्टर’ या नावाने तिचा उत्तरार्ध प्रसारित झाला. दोन्ही मिळून अवघे ३८ भाग. असे असूनही २०१० मध्ये ती रंगभूमीवर आली आणि २०१३ मध्ये नव्या संचात दूरचित्रवाणीवर परतली. या दीर्घायुष्याची कारणे कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले कारण रचनेत आहे. जिम हॅकर हा मंत्री, सर हम्फ्री ॲपलबी हा स्थायी सचिव आणि बर्नार्ड वूली हा खासगी सचिव, अशा तीन पात्रांवर मालिका उभी आहे. हॅकरचा पक्ष कोणता, हे कधीच सांगितले जात नाही. त्यामुळे विनोदाचा रोख धोरणाकडून यंत्रणेकडे वळतो. नावाने धनी असलेला मंत्री आणि पदाने सेवक असलेला सचिव यांच्यातील सत्तेची अदलाबदल हा मालिकेचा गाभा आहे. या नात्याची परंपरा प्लॉटसच्या रोमन सुखात्मिकांतील चतुर दासापासून वुडहाउसच्या जीव्ह्जपर्यंत जाते. जे–लिन यांनी या पुरातन साच्यात विसाव्या शतकातील शासनव्यवहार बसवला. मात्र येथील सेवक धन्याचे हित पाहत नाही. तो आपल्या संस्थेचे हित पाहतो. परंपरेला दिलेले हे वळण महत्त्वाचे आहे.

दुसरे कारण साधनसामग्रीचे आहे. रिचर्ड क्रॉसमन हे हॅरल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात १९६४ पासून गृहनिर्माण खात्याचे मंत्री होते. त्यांच्या निधनानंतर, १९७५ पासून, त्यांच्या दैनंदिनीचे खंड प्रसिद्ध झाले. हे प्रकाशन रोखण्यासाठी सरकार न्यायालयात गेले होते. ते अपयशी ठरले. खात्याच्या स्थायी सचिव एव्हलिन शार्प यांच्याशी क्रॉसमन यांचा झालेला संघर्ष या दैनंदिनीत विस्ताराने येतो. जे–लिन यांनी तिचा उपयोग करून घेतला. पुढे मालिकेचे ग्रंथरूप सिद्ध झाले, तेही हॅकरच्या दैनंदिनीच्या स्वरूपात आणि भावी काळातील संपादकांच्या टिपांसह. दैनंदिनीतून नाट्य आणि नाट्यातून पुन्हा विडंबनात्मक दैनंदिनी, हा प्रवास साहित्यप्रकारांच्या अभ्यासकाने अवश्य तपासावा असा आहे.

तिसरे कारण भाषेचे आहे. नायजेल हॉथॉर्न यांनी साकारलेला सर हम्फ्री अडचणीत सापडला की त्याची वाक्ये लांबू लागतात. लॅटिन धातूंपासून बनलेली भाववाचक नामे, गौण वाक्यांची माळ आणि अखेरीस हरवलेला कर्ता अशी त्याची शैली आहे. मंत्र्याचा निर्णय ‘धाडसी’ आहे असे तो म्हणतो, तेव्हा मंत्री घाबरतो. कारण त्या शब्दाचा अर्थ ‘निवडणूक हरण्याजोगा’ असा आहे. स्तुती आणि धमकी एकाच विशेषणात नांदतात. प्रशासकीय भाषा बोध टाळण्यासाठी वापरता येते, हे येथे उपदेशाविना कळते. ‘पदनाम कोशा’पासूनची मराठी प्रशासकीय परिभाषा आणि तिच्यावर झालेला विनोद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अनुभव परका वाटणार नाही.

भारतीय संदर्भात आणखी एक धागा दिसतो. २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूपांतर प्रसारित झाले. त्यात फारूक शेख मंत्र्याच्या, तर जयंत कृपलानी सचिवाच्या भूमिकेत होते. याकडे केवळ परकीय मालाची आयात म्हणून पाहता येत नाही. ब्रिटनच्या आधुनिक सनदी सेवेचा पाया मानला जाणारा नॉर्थकोट–ट्रेव्हेल्यन अहवाल आणि भारतीय सनदी सेवेविषयीचा मेकॉलेसमितीचा अहवाल हे दोन्ही १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रेव्हेल्यन हे मेकॉलेचे मेहुणे होते, शिवाय बंगालमध्ये कंपनीच्या सेवेत राहिलेले होते. भारतात स्पर्धापरीक्षा १८५५ पासून सुरू झाली. ब्रिटनच्या गृहखात्यांत ती तत्त्वतः १८७० मध्ये आली. म्हणजे सर हम्फ्री आणि त्याचा भारतीय प्रतिरूप एकाच घराण्यातले आहेत. रूपांतरात जी आत्मीयता जाणवते, तिचे मूळ या सामायिक इतिहासात आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हे हास्य कोणाच्या बाजूचे आहे? मार्गारेट थॅचर यांना ही मालिका अतिशय प्रिय होती. १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी हॉथॉर्न आणि पॉल एडिंग्टन यांच्यासह एक छोटे प्रहसनही सादर केले. सत्तेला बोचणारा विनोद सत्तेलाच इतका रुचावा, ही बाब विचारात पाडणारी आहे. १९८१ मधील एका भागात एकही रुग्ण नसलेले, पण पाचशे कर्मचारी असलेले रुग्णालय दाखवले आहे. त्याला हसताना नोकरशाहीच्या स्वयंपोषी वृत्तीचे दर्शन घडते. त्याचबरोबर ‘शासन असेच असते’ ही समजूतही पक्की होऊ शकते. अँटनी जे यांच्यावर ‘सार्वजनिक निवड’ सिद्धान्ताचा प्रभाव होता, हे लक्षात घेतले की मालिकेची तथाकथित तटस्थताही तपासून पाहावी लागते.

तरीही या विनोदाला निव्वळ निराशेचे नाव देता येणार नाही. अनेक भागांच्या अखेरीस मंत्री सचिवाचीच युक्ती उलटवतो आणि ‘येस मिनिस्टर’ हे शब्द पराभूत सचिवाच्या तोंडी येतात. मालिका नागरिकाला क्रांतीची आशा देत नाही. दुर्बोध वाक्य वाचण्याचे शिक्षण मात्र देते. लोकशाहीत परिपत्रके निघत राहतील, तोवर या शिक्षणाची गरज संपणार नाही. या मालिकेच्या टिकाऊपणाचे मर्म तेथेच शोधावे लागेल.