फराहबागेचे पाणी, भातोडीचे पाणी

नगर परिसरात शिकलेल्या प्रत्येकाची एक तरी सहल चांदबीबी महालावर गेलेली असते. तो महाल नसून निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे, हे इतिहासाच्या सरांनी सांगितले होते. लक्षात राहिला तो डबा आणि वारा. म्हणून या वजिराच्या नावाशी जोडलेल्या पाण्याच्या दोन कामांविषयी थोडे लिहितो.

पहिले काम चैनीचे. मुर्तजा निजामशहासाठी बांधायला घेतलेली फराहबाग अनेक हातांतून गेली आणि १५८३ साली सलाबतखानाने पूर्ण केली. तलावाच्या मधोमध महाल, भोवती बाग, पाणी बाहेरून आणलेले. हे राजाचे खासगी पाणी होते.

दुसरे काम भातोडीचा तलाव. मेहकरी नदीला मातीचा बांध घालून केलेले हे कामही सलाबतखानाचेच मानतात. मातीच्या बांधाचे बळ त्याच्या वजनात आणि दाबून बसवलेल्या भरावात असते. पाणी माथ्यावरून वाहू लागले की माती धुपते आणि पडलेले भगदाड पाणीच रुंद करते. म्हणून सांडवा हवा. मलिक अंबरला हे पुरते ठाऊक होते. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा चालून आल्या, तेव्हा त्याने तलाव फोडून वाटांचा चिखल केला आणि अडकलेल्या फौजांवर छापे घातले. शहाजीराजे या लढाईत लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. त्यांची समाधी भातोडीत आहे.

पुढे फराहबागेचा तलाव आटला. महाल तेवढा उभा आहे. भातोडीचा बांध मात्र इंग्रजी अमदानीत दुरुस्त झाला, कारण त्या पाण्यावर शेते भिजणार होती. ज्या पाण्याची अनेकांना गरज असते, त्याचा बांध सांभाळायला कोणीतरी पुढे येते.

हे सांगण्याचे कारण आजचेच आहे. आपल्यापैकी काहींनी शेतावर छोटे मातीचे बांध, तळी केली आहेत. सुटीत नातवंडे तिथे डुंबतात, पाहुणे काठावर हुरडा खातात. आनंदच आहे. पण आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षभर कोरडा दिसणारा ओढा एका रात्रीत भरतो. मालकी आपली असली तरी फुटलेल्या बांधाचे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या वावरात जाते. तेव्हा पावसाळ्याआधी सांडवा मोकळा करावा, भरावावरची झुडपे काढावीत, उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवावीत. आणि पुढच्या मेळाव्याची सहल भातोडीला काढावी. सरांनाही सोबत न्यावे.