दोष एकट्या हूव्हरचा नव्हे

जे. एडगर हूव्हर १९२४ पासून १९७२ मध्ये मरेपर्यंत अमेरिकेच्या एफबीआयचा सर्वेसर्वा होता. त्याच्या हयातीत या संस्थेवर, म्हणजे ‘ब्यूरो’वर, निघालेले चित्रपट म्हणजे सरकारी जाहिरात, आणि तो गेल्यावर निघालेले म्हणजे उशिरा का होईना सांगितलेले सत्य, असे मत चित्रपटाच्या जाणकारांत चांगलेच रुजले आहे. त्याला आधार नाही असे नाही. १९६५ ते १९७४ या काळात चाललेल्या ‘द एफ.बी.आय.’ मालिकेच्या संहिता ब्यूरोच्या नजरेखालून जात. नटनट्यांची पूर्वपीठिकासुद्धा तपासली जाई. १९५९ च्या ‘द एफबीआय स्टोरी’त तर खुद्द हूव्हर पडद्यावर येऊन जातो. हे सगळे मान्य. पण त्यावरून ‘ब्यूरोचा हात लागला की खोटे, नाही लागला की खरे’ अशी जी कसोटी काढली जाते, ती एकेका चित्रपटाला लावून पाहावी. फार वेळ टिकत नाही.

मुळात बंदूकधारी सरकारी नायक हूव्हरने घडवलाच नाही. १९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’त जेम्स कॅग्नीने गुंड रंगवला आणि पैसा वाहिला. १९३४ मध्ये हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, गुंडाला नायक करणे अडचणीचे झाले. वॉर्नर ब्रदर्सने पुढच्याच वर्षी ‘जी मेन’ काढला: तोच कॅग्नी, तोच आवेश, खिशात फक्त सरकारी बिल्ला. त्यातला नायक एका गुंडाच्या पैशावर वकील झालेला आहे. हूव्हरने कथा सांगून लिहवून घेतली असती, तर हा तपशील राहिला असता का? रिचर्ड गिड पॉवर्स या इतिहासकाराने १९८३ च्या ग्रंथात हूव्हरच्या प्रतिमेमागे लोकप्रिय करमणुकीचा हात किती मोठा होता ते सविस्तर दाखवले आहे. तयार अंगरखा हूव्हरने मागाहून चढवला.

आता ज्यावर ब्यूरोचा शिक्का उघडउघड आहे असा चित्रपट घ्या. १९४५ चा ‘द हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट’ ड्यूकेन या जर्मन हेरजाळ्यावर बेतलेला आहे. त्या प्रकरणात ३३ जणांना शिक्षा झाली. चित्रपटात नायकाची फारशी मर्दुमकी नाही. आरशामागून घेतलेली चित्रफीत, प्रयोगशाळा, बोटांच्या ठशांची कपाटे आणि दोन्हीकडून काम करणारा एक खबऱ्या, यांवर सगळे चालते. खऱ्या तपासातही विल्यम सेबोल्ड हा दुहेरी हेर आणि न्यूयॉर्कच्या एका कचेरीतला आरपार दिसणारा आरसा, हाच कणा होता. मग खोटे कुठे आहे? चोरलेल्या मालात. हिरोशिमानंतर काही आठवड्यांत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने हेरांच्या हाती अणुबाँबचे रहस्य दिले. प्रत्यक्षात जर्मनीला मिळाली होती ती नॉर्डन बाँबसाइटची माहिती, आणि तीही सेबोल्ड कामाला लागण्याआधी. ही थाप लहान नाही. पण तपास कसा होतो हे चित्रपट बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो.

याच्यासमोर १९८८ चा ‘मिसिसिपी बर्निंग’ ठेवा. हूव्हर जाऊन १६ वर्षे झालेली, दिग्दर्शक अ‍ॅलन पार्कर ब्रिटिश. त्याला आधार खऱ्या घटनेचा आहे: मिसिसिपीत २१ जून १९६४ रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. ४ ऑगस्टला एका मातीच्या बांधात त्यांचे मृतदेह सापडले. चित्रपटात मृतदेहांची जागा सांगते ती डेप्युटी शेरीफची बायको, जीन हॅकमनने रंगवलेल्या एजंटापाशी मन मोकळे करताना. गुन्हेगारांची नावे मिळतात ती एका कृष्णवर्णीय माणसाने महापौराला पळवून, वस्तरा दाखवून घाबरवल्यावर; हा माणूस म्हणे ब्यूरोचाच. १९६४ मध्ये ब्यूरोतले कृष्णवर्णीय एजंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि याच काळात ब्यूरो मार्टिन ल्यूथर किंगचे फोन चोरून ऐकत होता. स्वतः हूव्हरलाही एवढी मोफत प्रसिद्धी मागायचा धीर झाला नसता! किंगच्या पत्नी कोरेटा किंग यांनी चित्रपटावर टीका केली ती उगाच नाही.

खरे प्रकरण याहून कितीतरी रोचक आहे. मृतदेहांचा ठावठिकाणा खबऱ्याकडून कळला. दोघा आरोपींनी कबुली दिली, कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या आत शिरलेल्या एका धर्मोपदेशकाने साक्ष दिली. खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा, आणि मिसिसिपी खटला भरायला तयार नाही. म्हणून केंद्र (फेडरल) सरकारला यादवी युद्धानंतरच्या, १८७० च्या कायद्यातले कटाचे कलम शोधून काढावे लागले. जिल्हा न्यायाधीशाने हा मुख्य आरोपच काढून टाकला, तो १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत लावला. १९६७ मध्ये १८ पैकी ७ जण दोषी ठरले. फेडरल एजंट फेडरल का, हा कथेचा गाभा या घडामोडीत आहे, आणि चित्रपटात तो ओझरता येतो.

यावर प्रतिपक्षी न्यूयॉर्कच्या माफियातल्या ग्रेगरी स्कार्पाचे नाव काढतील: ब्यूरोने त्याला मिसिसिपीत नेऊन एकाला बदडून माहिती काढली, असा दावा पुढे आला, म्हणजे वस्तरा अगदीच काल्पनिक नाही. पण दावा वादग्रस्त आहे. आणि तो खरा धरला तरी प्रश्न उरतोच: भाड्याच्या गुंडाचे काम पडद्यावर ब्यूरोच्या नैतिक धैर्यात का जमा व्हावे?

एकच प्रकरण दोनदा पडद्यावर आल्याचेही उदाहरण आहे. ओक्लाहोमातल्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांचे तेलाच्या पैशासाठी झालेले खून ‘द एफबीआय स्टोरी’त एका प्रसंगापुरते येतात, जेम्स स्ट्यूअर्टचा एजंट छडा लावतो आणि कथा पुढे निघते. २०२३ च्या स्कॉर्सेसीच्या चित्रपटात तपास करणारा टॉम व्हाइट सुमारे दोन तास उलटल्यावर दारात उभा राहतो. आधीच्या आराखड्यात लिओनार्डो डिकॅप्रिओ व्हाइटचीच भूमिका करणार होता. नंतर कथा अर्नेस्ट बर्कहार्ट या गुन्हेगार नवऱ्याकडे आणि त्याच्या ओसेज बायकोकडे, मॉलीकडे वळवली गेली. दुसरा चित्रपट पहिल्याहून निःसंशय सरस आहे. पण तो सरस झाला तो नायक बदलल्यावर, आणि त्या निर्णयाच्या वेळी हूव्हरला जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. तोवर त्याच हूव्हरमुक्त पटकथेत नायक होता ब्यूरोचा माणूस.