परमुलखातलं आजारपण: एका कागदाचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावचे आईवडील लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले की त्यांच्या फाईलमध्ये पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या मागे आणखी एक कागद असतो. बहुतेक वेळा जावयाने किंवा मुलाने तो तिकडूनच काढून पाठवलेला असतो. त्याचं नाव ‘व्हिजिटर इन्शुरन्स’. वडिलांच्या लक्षात राहतो तो वरचा आकडा: पन्नास हजार किंवा एक लाख डॉलर. रुपयांत हिशेब केला की छाती दडपते आणि धीरही येतो. इतक्या पैशांत काय होणार नाही?

खरी पॉलिसी मात्र त्या आकड्याच्या खाली, बारीक अक्षरात असते. समजा, छातीत दुखलं म्हणून तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले आणि बिल चाळीस हजार डॉलरचं आलं. आधी ‘डिडक्टिबल’, म्हणजे पहिली ठरावीक रक्कम, आपल्या खिशातून जाते. स्वस्तातली पॉलिसी असेल तर खाटेचे दिवसाला इतके, तपासणीचे इतके, डॉक्टरच्या एका भेटीचे इतके, अशी प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा असते. या मर्यादांची बेरीज बिलाच्या पाव भागावरच थांबू शकते. उरलेलं लेकी-जावयाच्या अंगावर. आणि वडिलांना दहा वर्षांपासून बीपी आहे, म्हणून हे दुखणं आधीपासूनचंच, असं कंपनीने ठरवलं तर त्या पाव भागाचाही भरवसा नाही.

हा कागद असा का घडला? त्याची वंशावळ काढली तर प्रत्येक पिढीत एकच गोष्ट दिसते. परमुलखात माणूस आजारी पडला की बिल ज्याच्या गळ्यात पडण्याची भीती असते, तोच या कागदाच्या अटी लिहितो. आजारी माणसाकडे ती लेखणी क्वचितच आली. एकदा आली ती राळेगावच्या शेजारच्या जिल्ह्यात. त्याकडे पुढे येऊ.

मराठी माणूस मोठ्या संख्येने समुद्रापार गेला तो एकोणिसाव्या शतकात, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर. १८३४ पासून तिथे हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबं होती. मळ्यावर दवाखाना असावा, हे कायद्याने ठरलं होतं. पण मजुराचं दुखणं म्हणजे मळेवाल्याच्या लेखी बुडालेला दिवस. गैरहजेरीच्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल कट’ पद्धत तिथे कुप्रसिद्ध झाली. दवाखाना मालकाचा, हजेरीपटही मालकाचाच. त्यामुळे कोण खरा आजारी आणि कोण कामचुकार, हे ठरवण्याची ताकद पैसे देणाऱ्याच्याच हाती राहिली. आजचा क्लेम ऑफिसर फोनवर गोड बोलतो, पण त्याच्या खुर्चीची जागा तीच आहे.

शिकायला परदेशी गेलेल्यांची गोष्ट वेगळी. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. आजारपणाचा सक्तीचा विमा देशभर लागू करणारा तो पहिला कायदा मानला जातो. आनंदीबाईंना अर्थातच असा कोणताही आधार नव्हता. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांची तब्येत ढासळत गेली. त्यांना आधार होता तो रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घराचा आणि वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्या आस्थेचा. १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या आणि क्षय घेऊन परतल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. परदेशातलं आजारपण त्या काळी कोणाच्या तरी घरच्या माणुसकीवर निभावत असे. आजही मुलाच्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून बिल भरल्याच्या गोष्टी कानावर येतात, तेव्हा ती जुनी रीत अजून मोडलेली नाही हे कळतं.

अमेरिकेतला आजचा विमा सुरू झाला तो बिलं थकलेल्या एका दवाखान्यातून. १९२९ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर हॉस्पिटलला बिलं वसूल होत नव्हती. जस्टिन किंबल या प्रशासकाने शाळामास्तरांपुढे प्रस्ताव ठेवला: महिन्याला पन्नास सेंट द्या, वर्षाला एकवीस दिवसांची खाट आमची. पुढे ‘ब्लू क्रॉस’ म्हणून देशभर पसरलेल्या योजनांचं मूळ हेच. दवाखान्याची वसुली पक्की झाली आणि मास्तरांची काळजी मिटली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने पगारवाढ गोठवली, तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. पुढे करसवलतीमुळे ही रीत घट्ट झाली. अशा रीतीने विमा नोकरीला बांधला गेला. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी ‘मेडिकेअर’ आलं, पण ते तिथे कामात आयुष्य घालवलेल्यांसाठी. ग्रीन कार्डवर म्हातारपणी आलेल्या आईवडिलांना त्यात पैसे भरून शिरायचं, तरी आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. नोकरी नाही, पाच वर्षंही नाहीत, अशी जी फट उरते, त्याच फटीत राळेगावचे आईवडील सहा महिन्यांचा मुक्काम करून येतात. व्हिजिटर पॉलिसीची बाजारपेठ या फटीवरच उभी आहे.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर या मराठी अर्थतज्ज्ञाकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम दिलं. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. इंग्लंडमध्ये बेव्हरिजचा सामाजिक विम्यावरचा अहवाल तेव्हा गाजत होता, म्हणून आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटलं जाऊ लागलं. त्या आराखड्यावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपुरात आली. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या कामगाराला विम्याचं कार्ड मिळालं. त्या मिलला कापूस पुरवणाऱ्या मुलखातल्या शेतकऱ्याला आणि सालगड्याला काही मिळालं नाही. राळेगावच्या जिनिंगमधून गाठ बाहेर पडे, ती जिथे पोचायची तिथे विमा होता, जिथून निघायची तिथे नव्हता. शेतात मालक कोण आणि वर्गणी कोणाच्या पगारातून कापायची, याचं उत्तर कायद्यापाशी नव्हतं.

ते उत्तर वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामात सापडलं. कस्तुरबांच्या निधनानंतर तिथे उभं राहिलेलं कस्तुरबा रुग्णालय १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं रुग्णालय झालं. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी भोवतालच्या खेड्यांत जाऊ लागले, तेव्हा त्यांना दिसलं की कष्टकऱ्याच्या हाती रोख पैसा बारा महिने नसतो, पण सुगीत घरात ज्वारी येते. म्हणून वर्गणी ज्वारीत. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. गावातली निदान पाऊण कुटुंबं सामील झाली तरच ते गाव योजनेत. गावातच आरोग्यसेवक, आणि पुढे रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर अचानक आलेल्या दुखण्याला खर्च माफ. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना एक चतुर्थांश खर्च कुटुंबाने द्यायचा, तीन चतुर्थांश योजनेने.

हे कलम आणि राळेगावच्या आईवडिलांच्या कागदावरचं कलम शेजारी ठेवून वाचावं. प्रश्न एकच आहे: ठाऊक असलेल्या दुखण्याचं काय करायचं? सेवाग्रामने त्याला पंचवीस टक्के लावले. डॉलरच्या पॉलिसीने बहुतेक वेळा दारच बंद केलं. हा दया आणि निर्दयतेचा फरक नाही, रचनेचा आहे. पाऊण गाव एकदम आलं की त्यात तरणेताठे गडी असतात, तान्ही मुलं असतात, शुगरवाले म्हातारेही असतात. धडधाकटांची ज्वारी दुखणाईतांना पुरते. व्हिजिटर पॉलिसी मोठ्या प्रमाणावर साठी-सत्तरीची माणसं, एकेकटी, काही महिन्यांसाठी घेतात. अशी पॉलिसी विकणाऱ्या कंपनीला तगून राहायचं तर एक तर प्रीमियम आभाळाला भिडवायचा, नाही तर बीपी-शुगरला बाहेर ठेवायचं. दोन्ही होतं.

देशातला मेडिक्लेम आला तो यानंतर, आणि त्यातही एक गंमत आहे. १९७३ मध्ये सामान्य विम्याच्या शंभराहून अधिक कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन त्यांच्या चार केल्या. त्या चौघींनी १९८४ मध्ये ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ आणलं: कामाला किंवा फिरायला परदेशी जाणाऱ्याने प्रीमियम रुपयांत भरायचा, तिकडच्या दवाखान्याचं बिल परकीय चलनात चुकतं व्हायचं. देशातल्या घराघरासाठीचं ‘मेडिक्लेम’ आलं १९८६ मध्ये. म्हणजे विमानात बसणाऱ्याची सोय आधी झाली, घरी राहणाऱ्याची दोन वर्षांनी. त्या काळात परकीय चलन सरकार मोजून देत असे. प्रवाशाच्या खिशात मोजकेच डॉलर, आणि तिकडे अपेंडिक्स फुटलं तर बिल कोण आणि कोणत्या चलनात भरणार? हा पेच रुग्णाइतकाच रिझर्व्ह बँकेचाही होता.

पुढच्या पिढीत लेखणी यजमान देशांच्या हाती गेली. जून २००४ पासून युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा झाला. सौदी अरेबियाने आणि अबू धाबीने परदेशी कामगाराचा विमा मालकावर टाकला. दुबईचा कायदा २०१३ चा. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि वर्षभराचा, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा दाखवल्याशिवाय दार उघडायचं नाही असं ठरवलं. ब्रिटनने २०१५ पासून लांबच्या मुक्कामाच्या व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार घ्यायला सुरुवात केली. तो वर्षाला दोनशे पौंड होता, २०२४ मध्ये एक हजार पस्तीस झाला. या सगळ्या अटींमागचा हेतू सरळ आहे: पाहुण्याच्या आजारपणाचा भार आमच्या करदात्यावर नको. अमेरिका पर्यटक व्हिसावर येणाऱ्याला विमा सक्तीचा करत नाही. तिथला दवाखाना बिल थेट रुग्णाच्या नावावर फाडतो.

आपल्या सरकारनेही आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी २००३ मध्ये ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची केली. दोन वर्षांसाठी दोनशे पंच्याहत्तर रुपये, एवढ्यात दहा लाखांचं अपघाती संरक्षण. पण तिचा जोर मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांवर. साध्या दुखण्याला ती फार काळ पुरत नाही.

आणि राळेगावात राहिलेल्यांचं? राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये नव्या रूपात आली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ योजना पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डासाठी. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत मात्र पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारावर घेतलं गेलं, आणि त्या चौदांत यवतमाळ आहे. आमच्या मुलखाला विमा मिळवून दिला तो कापसाने नव्हे, कापसामुळे झालेल्या मरणांनी. आता ही योजना सगळ्याच कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत खुली झाली आहे. पण तीही यादीतल्या दवाखान्यापर्यंत आणि यादीतल्या उपचारापर्यंतच. विमान उडालं की ती धावपट्टीवरच राहते.

म्हणून मुलं इकडे आईवडिलांसाठी मेडिक्लेम घेतात आणि तिकडे येताना वेगळी पॉलिसी. इकडच्या बाजूला अलीकडे थोडं सैल झालं आहे. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांऐवजी तीन वर्षं झाली, वयाची पासष्टीची अडचण नियमातून निघाली, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. तिकडच्या बाजूला असं काही सैल होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तिकडच्या कागदावर आपल्या मताला जागाच नाही.

जागा आहे ती कागद निवडण्यात. वरचा लाखाचा आकडा सोडून द्यावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे का, जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली तर काय मिळेल आणि ते कोणत्या वयापर्यंत, आणि दवाखाना पैसे कंपनीकडून घेईल की आपण भरून मागून मागायचे? मर्यादांचं कोष्टक नसलेली पॉलिसी महाग पडते, पण चाळीस हजारांच्या बिलापुढे तो फरक किरकोळ आहे. बीपीची गोळी अर्जात लपवू नये. क्लेम नाकारायला कंपनीला तेवढं पुरतं. आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांसारखी ठाऊक असलेली दुखणी निघण्यापूर्वीच यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला उरकून घ्यावीत. पाऊण खर्च उचलणारं गाव तिकडे नाही.