‘वछ’, ‘वासरूं’ व ‘पाडस’

परभणी जिल्ह्यांतील बोरी हें गांव महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांस भास्करभट्ट बोरीकरामुळें परिचित आहे. त्याचे शिशुपालवध व उद्धवगीता हे दोन ग्रंथ पंथाच्या साती ग्रंथांत मोडतात. त्याच सातांत दामोदर पंडिताचें वछाहरण येतें. त्याच्या नांवांतील ‘वछ’ हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

हें नांव कोठें ‘वछाहरण’, कोठें ‘वच्छहरण’, तर कोठें ‘वत्सहरण’ असें लिहिलेलें आढळतें. शेवटचें रूप शुद्ध खरें. पण तें घातल्यानें शब्दाच्या प्रवासांतील एक मुक्काम पुसला जातो. संस्कृत ‘वत्स’, प्राकृत ‘वच्छ’. आणि ‘वत्सरूप’ यापासून ‘वच्छरूव’ होऊन आपलें ‘वासरूं’. दूध तुटून वत्सपण ओसरूं लागलेल्या वासरास ‘वत्सतर’ म्हणत, या रूपासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र (5.3.91) केलें आहे. हिंदींतील बछडा गाईचा, पण बछेडा व गुजराथी वछेरो हे घोड्याचे! मराठीनें मात्र घोडीसाठीं शिंगरूं हा निराळा शब्द राखला.

‘वत्सर’ म्हणजे वर्ष. लॅटिन भाषेंतील वासराचा शब्द ‘विटुलुस’ हाही याच कुळांतला समजतात. तेव्हां ‘वत्स’ म्हणजे मुळांत वर्षाचें जनावर. भागवताच्या दशम स्कंधांत ब्रह्मदेवानें वासरें व गोपाळ चोरून नेले, तेव्हां परत येईपर्यंत मनुष्यांचें एक वर्ष लोटलें होतें, हें येथें आठवतें. कथाकारास व्युत्पत्ति अभिप्रेत होती असें आमचें म्हणणें नाहीं. योगायोग म्हणून नोंदतों.

आतां संतवाणी. परंपरेनें जनाबाई गंगाखेडची, आणि नामदेव नर्सीचे. हें गांव 1 मे 1999 रोजीं परभणींतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत आहे. नामदेवांच्या नांवावरील एका प्रसिद्ध अभंगांत गाईचें तें वासरूं आणि हरिणीचें तें पाडस, असा भेद काटेकोर पाळला आहे. जनाबाईच्या अभंगांत मात्र घारीचीं तीं पिलीं आणि वानराचींही पिलींच. आमच्या मतें हा शैथिल्याचा प्रकार नव्हे. खुराच्या जनावरांस मराठींत ज्याचा त्याचा शब्द आहे: म्हशीचें रेडकूं, शेळीचें करडूं, मेंढीचें कोंकरूं, गाईच्या बाबतींत तर गोऱ्हा व कालवड असा लिंगभेदही. शेतकऱ्यास जें मोजावें लागतें त्याचें नांव बारकाईनें ठरतें. घार-वानरांची मोजदाद कोण करतो? ‘वात्सल्य’ हा शब्दही वासरावरूनच निघाला, पाडसावरून नव्हे, याचें कारणही गोठ्यांतच शोधावें.

पोथीसंग्राहकांस विनंती इतकीच कीं, समाप्तिलेखांत ‘वछ’ असेल तर यादींत तसेंच उतरून घ्यावें. संस्कृत रूप हवेंच असेल तर तें शेजारीं कंसांत द्यावें.