विमानांतर्गत संदेशवाहिनीचा उगम : एक टिपण

विमानातील यंत्रांच्या परस्परसंवादाचा इतिहास सांगताना बहुधा वेगावर भर दिला जातो. आमच्या मते त्याचे मूळ तारांच्या वजनात शोधावयास हवे. प्रत्येक यंत्र स्वतंत्र तारांनी दुसऱ्याशी जोडण्याच्या जुन्या पद्धतीत यंत्रे वाढली की तारांचे भारे वाढत. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या हवाई दलाने 1973 मध्ये ‘मिल-एसटीडी-1553’ हे मानक प्रसिद्ध केले. एफ-16 हे त्याचा अवलंब करणारे आरंभीचे विमान होय. तारांची एक पिळलेली जोडी, दुसरी राखीव, आणि मध्यवर्ती नियंत्रकाने विचारल्यावाचून कोणी बोलावयाचे नाही, हा दंडक. वेग सेकंदाला अवघा 10 लक्ष बिट. परंतु उत्तर किती अवधीत येणार हे निश्चित ठाऊक असे, आणि युद्धविमानात महत्त्व याचेच. आरंभी बरीच जागा व्यापणारे हे जोडणीयंत्र पुढे एका लहान चिपवर मावू लागले.

त्याच 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली. तीत संदेशांची टक्कर गृहीतच धरलेली होती! टक्कर झाल्यास थोडे थांबून संदेश पुन्हा पाठवावयाचा. कचेरीत हे खपते, उड्डाणनियंत्रणात नव्हे. तथापि स्वस्त व सर्वत्र उपलब्ध म्हणून हीच पद्धत, स्विचांची जोड देऊन व प्रत्येक संदेशमार्गाला मर्यादा घालून, 2005 मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-380 मध्ये आली.

तारांचा प्रश्न मात्र मिटला नाही. 2006 मध्ये याच विमानाचे वितरण लांबले, ते मुख्यतः तारांच्या जुळणीतील अडचणींमुळे.