पेशव्यांच्या पुण्यांतील ख्रिस्तमंदिर

पेशव्यांचें पुणें म्हटलें कीं पर्वती आणि शनिवारवाडा डोळ्यांपुढें येतात. परंतु त्याच पेशवाईनें एका ख्रिस्तमंदिरासही जागा दिली. पेशव्यांच्या फौजेंत गोव्याकडील कॅथलिक शिपाई व अंमलदार चाकरीस होते. त्यांना उपासनेस ठिकाण नव्हतें. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत त्यांस जमीन मिळाली. या प्रकरणीं डॉन मिगेल द नोरोन्हा या अंमलदाराचें नांव घेतलें जातें. १७९२ च्या नाताळांत माती व चटयांच्या साध्या खोपटांत पहिली मिस्सा झाली.

पुढें १८१७ त खडकीची लढाई झाली आणि १८१८ त पेशवाई बुडाली. ज्या फौजेनें या लोकांस पुण्यांत आणलें ती मोडली. मंडळी मात्र मोडली नाहीं. सध्यांची इमारत उभी राहिली ती १८५२ त, म्हणजे पहिल्या मिस्सेनंतर साठ वर्षांनीं. क्वार्टर गेटजवळील हें ‘सिटी चर्च’ आजही भरतें. राजाश्रयानें जमीन मिळाली हें खरें. पण आश्रयदाता गेल्यावरही देवघर जागतें राहिलें, तें दर रविवारीं नेमानें येणाऱ्या साध्या माणसांमुळें.