श्रमजन्य थकवा व बर्नआउट : मापन

अखंड कामामुळे शरीराची व मनाची कार्यक्षमता उतरणीस लागली असता, ती किती उतरली याचा यंत्रांच्या वा प्रश्नावलीच्या साहाय्याने घेतलेला अदमास. इटालियन शरीरक्रियाविज्ञ आंजेलो मॉस्सो याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनविलेल्या एर्गोग्राफ यंत्रात, हात जखडून ठेवून केवळ मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन पुनःपुन्हा उचलावयाचे असे, आणि फिरत्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर रेषा ठेंगण्या होत गेल्या की थकव्याचा आलेख हाती येई.

मनाच्या शिणाला, म्हणजे बर्नआउटला, हे साधन अपुरे पडे. क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन यांची १९८१ ची प्रश्नावली २२ विधानांद्वारे भावनिक क्लांती, माणसांविषयीची अलिप्तता व कर्तृत्वाची ओसरती जाणीव ही तीन अंगे पृथक् मोजते.

नाशकात, जेथे नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातील एकाग्र दृष्टीचे काम, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या आणि रुग्णालयांतील रात्रीची जागरणे एकाच शहरात नांदतात, तेथे सर्वांस एकच मोजमाप लावणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारास दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली खरी. परंतु हजेरीपटावरून तासच तेवढे कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची गणना रोगांत न करता व्यवसायनिगडित स्थितींत केली असल्याने, प्रश्नावलीतील गुणांवरून कामगारास रोगी ठरविणे गैर होय. उत्तरे नावानिशी दप्तरी दाखल होणार असतील तर नोकरीच्या धास्तीने ती खरी मिळत नाहीत. म्हणून ती निनावी घेऊन पाळीवार व खातेवार ताडून पाहणे अगत्याचे आहे.